तुमचं सुपरव्हिजन कुणाकडे असतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात सांगली-मिरजेतल्या समुपदेशन केंद्रांवर अख्खं पान आलं होतं, ते वाचून लिहितेय. पान बघून खरंच बरं वाटलं, कारण ११ वर्षांपूर्वी मी विश्रामबागला पाटी लावली तेव्हा लोक यायचे ते दहावीनंतर कुठली साइड घ्यायची हे विचारायला, आता निदान घाबरत घाबरत का होईना पण "झोप लागत नाही, कुणाशी तरी बोलायचंय" म्हणून येतात. त्या पानावर डिग्री कुठली, फी किती, वेळ काय सगळं होतं, पण हे समुपदेशक स्वतःचं काम कुणाला दाखवतात, अडकले की कुणाकडे जातात, हे एकाच्याही नावापुढं नव्हतं. मीही त्यातलीच एक, म्हणजे माझ्या नावापुढंही नव्हतं. आणि मला वाटतं क्लायंटच्या दृष्टीनं डिग्रीच्या खालोखाल ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे.

याला आमच्याकडे सुपरव्हिजन म्हणतात. शब्द ऐकला की आपल्या डोळ्यापुढं साइटवरचा सुपरव्हायझर येतो नाहीतर बोर्डाच्या परीक्षेला वर्गात फेऱ्या मारणारे सर, त्यामुळं नवीन मुलं बिचकतातच. पण यात डोक्यावर कुणी उभं राहत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आपल्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेल्या थेरपिस्टसमोर बसायचं आणि क्लायंटचं नाव-गाव झाकून सांगायचं की ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, कुठं गाडी अडली आणि तेव्हा माझ्या पोटात काय झालं. हे शेवटचं सांगणं सगळ्यात अवघड. ब्रिजिड प्रॉक्टर म्हणून ब्रिटनमधल्या एक बाई, त्यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितलीत, एक म्हणजे काम नीतीनियमात राहतंय ना ते बघणं, दुसरं शिकणं आणि तिसरं थेरपिस्टला सावरणं. आपल्याकडे सुपरव्हिजन म्हटलं की फक्त पहिलंच डोक्यात येतं, कुणीतरी चुका काढणार, म्हणून लोक टाळतात.

एक गोष्ट सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेत आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितेय. तालुक्याकडच्या एका गावाहून एक बाई यायच्या, पस्तिशीच्या, सगळं मुकाट सोसणाऱ्या. सेशन ५० मिनिटांचं असतं पण यांचं कधी सव्वा तास तर कधी दीड तास व्हायचं. फी मी आधी निम्मी केली मग घ्यायचीच बंद केली, माझा घरचा नंबर दिला, रात्री ११ ला मेसेज आला तरी उठून उत्तर द्यायचे, आणि मला वाटायचं मी किती जीव लावून काम करतेय. माझ्या सुपरव्हायझर मॅडम पुण्याच्या, महिन्यातून दोनदा ऑनलाइन भेटतो. त्यांना ही केस सांगत होते, वीसेक मिनिटं सलग बोलले असेन, तर त्यांनी मध्येच विचारलं, "अगं, त्यांची गाडी किती वाजता असते?" मी पटकन म्हणाले, "सहा चाळीसची. ती चुकली तर साडेसातची, पण ती आत गावात जात नाही, फाट्यावर सोडते." मॅडम जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "एसटीचं टाइमटेबल तुला पाठ आहे. त्या गाडीतून उतरून बाई घरी जातात तेव्हा घरात कोण कोण असतं, हे तू वीस मिनिटांत एकदाही बोलली नाहीस."

मला माहीतच नव्हतं हो. चार महिने त्या येत होत्या आणि मी विचारलंच नव्हतं, कारण कुठंतरी आत मला ते ऐकायचं नव्हतं, त्यापेक्षा फी माफ करणं आणि गाडीची काळजी करणं मला सोपं जात होतं. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा कळलं की घरात दीर आहे, तो हात उचलतो, नवरा बघून न बघितल्यासारखं करतो, आणि ज्या रात्री फार होतं त्या रात्री या मागच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसतात. हे ऐकलं तेव्हा माझे हात गार पडले होते. मग त्याच सेशनमध्ये सरळ शब्दांत विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, किती वेळा येतो, त्या क्षणी जवळ कोण असतं. पलीकडच्या गल्लीत चुलत जाऊ होती, तिच्याकडे रात्री कधीही जायचं असं ठरलं, मिरजेतल्या सायकॅट्रिस्ट डॉक्टरांकडे पाठवलं, घरातल्या हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा काय मदत देतो ते समजावून सांगितलं, आणि एका कार्डावर माझ्या नंबराऐवजी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहून दिला, कारण ती लाइन रात्रभर चालू असते आणि मी रात्री झोपलेली असते. सेशन परत ५० मिनिटांवर आलं, फी १०० रुपये ठरली. मला वाटलं होतं बाई दुखावतील. तर त्या म्हणाल्या, "बरं झालं ताई, फुकटात बसायचं तर मान वर होत न्हवती बगा."

आज त्या ठीक आहेत, वेगळ्या राहतात. पण त्या एका प्रश्नाशिवाय काय झालं असतं याचा विचार मी अजून करते. मला डिग्री होती, वाचन होतं, आत्महत्येचा धोका कसा तपासायचा हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवत होते. तरी दिसलं नाही.

गाडीचं विचारलं त्याच दिवशी मॅडमनी आणखी एक दाखवलं. ही केस सांगताना मी सारखी घड्याळ बघत होते, भरभर बोलत होते, त्यांना मध्ये बोलूच देत नव्हते, म्हणजे जशा त्या बाई गाडी चुकेल म्हणून माझ्यासमोर बसायच्या तशीच मी मॅडमसमोर बसले होते. हॅरोल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकानं १९५५ मध्येच यावर लिहून ठेवलंय, की क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललेलं असतं ते तसंच्या तसं सुपरव्हिजनच्या खोलीत उमटतं. पुढं याला पॅरलल प्रोसेस नाव पडलं. पुस्तकात वाचलं होतं तेव्हा मला ते जरा ओढूनताणून वाटलं होतं.

सुपरव्हिजन काही आजचं फॅड नाही. बर्लिनमध्ये १९२० साली मनोविश्लेषणाचं क्लिनिक निघालं तिथं माक्स आयटिंगॉन यांनी शिकणाऱ्यानं आपल्या केसेस अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करायच्या अशी पद्धत बसवली, म्हणजे १०० वर्षं होऊन गेली. पुढं वेगवेगळ्या वाटा फुटल्या. कुणी म्हणतं सुपरव्हायझरनं कधी शिक्षक व्हावं, कधी समुपदेशक, कधी नुसता सल्लागार, जशी गरज तसं. कुणी म्हणतं नवशिक्याला बोट धरून न्यावं आणि दहा वर्षं झालेल्याला नुसतं सोबत चालावं. हॉकिन्स आणि शोहेट यांचं सात डोळ्यांचं मॉडेल मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं. त्यात क्लायंटकडे बघायचं, थेरपिस्टनं काय केलं तिकडं बघायचं, दोघांमधल्या नात्याकडे, थेरपिस्टच्या आत काय चाललंय त्याकडे, मग सुपरव्हिजनच्या नात्याकडे, सुपरव्हायझरच्या स्वतःच्या आत, आणि सातवा डोळा भोवतालच्या परिस्थितीवर. आपल्याकडे हा सातवा डोळा फार लागतो. कारखान्याचं ऊसबिल अडकलंय, द्राक्षबाग पावसात गेली, सोसायटीचं कर्ज आहे, गावात जाणारी शेवटची गाडी सहा चाळीसची आहे, हे सगळं त्या खोलीत क्लायंटबरोबर येऊन बसलेलं असतं.

पण कुठलंही मॉडेल घ्या, सुपरव्हिजनमध्ये आपण जे सांगतो ते आपल्या आठवणीतलं असतं आणि आठवण आपली बाजू घेते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वर्षातून तीन-चार वेळा तरी क्लायंटच्या लेखी परवानगीनं सेशन रेकॉर्ड करून ऐकवलंच पाहिजे. कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत सेशन रेकॉर्ड करून अभ्यासायला सुरुवात केली होती, तेव्हा ते तबकड्यांवर करावं लागायचं, आज आपल्या खिशात फोन आहे. नॉर्मन केगन यांची पद्धत त्याच्याही पुढची. रेकॉर्डिंग लावायचं, बटण थेरपिस्टच्या हातात, जिथं काहीतरी खुपलं तिथं स्वतःच थांबवायचं आणि तेव्हा मनात काय चाललं होतं ते सांगायचं, समोरचा फक्त प्रश्न विचारतो, शिकवत नाही. मी पहिल्यांदा माझं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की क्लायंट गप्प झाला की मी जेमतेम तीन सेकंद थांबते आणि बोलायला लागते. एका कॉलेजच्या मुलानं "बाबांची खोली अजून तशीच आहे" म्हणून श्वास घेतला होता, आणि मी त्यावर विचारलं होतं, जेवण वेळेवर होतं का. त्याचा आवाज लगेच बदललाय, "हो मॅम, होतं", एकदम शाळेतल्यासारखा. ते तीन सेकंद मी सात-आठ वेळा मागं नेऊन ऐकले. ऐकवत नव्हतं पण ऐकले. तिथून पुढं मी गप्प बसायला शिकले.

आमच्या घरी आजोबांचा तंबोरा होता. ते वर्ष-दोन वर्षांनी तो मिरजेला सतारमेकर मंडळींकडे घेऊन जायचे आणि लहानपणी मी सोबत जायचे. वाजवून वाजवून तारांच्या घोडीवर बारीक खाचा पडतात, आवाज हळूहळू बसत जातो, पण रोज वाजवणाऱ्याच्या कानाला त्याची सवय झालेली असते. कारागीर एकदा छेडून मान हलवायचा आणि जवारी काढायला बसायचा, कानस फिरवायची, दोरा सरकवायचा, परत ऐकायचं. आजोबा ५० वर्षं गात होते, पण आपली जवारी आपणच काढावी असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि दुसऱ्याकडे नेण्यात कमीपणाही वाटला नाही.

भाषेचं पण सांगायला हवं. सुरुवातीची दोन वर्षं मी सुपरव्हिजनच्या एका ग्रुपमध्ये होते, तिथं सगळं इंग्लिशमध्ये चालायचं. माझी एक नवीन लग्न झालेली क्लायंट म्हणाली होती, "घरात माझा पाय ठरत नाही." मी ग्रुपमध्ये सांगितलं रेस्टलेस आहे, त्यावर सगळ्यांनी अँग्झायटीची चर्चा केली आणि श्वासाचे व्यायाम सुचवले, मीही दिले, काही फरक पडला नाही. नंतर एका मराठी मैत्रिणीला तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "कोण ठरू देत नाही?" झालं, तिथून ती केस उघडली, सासू दर आठवड्याला काहीतरी काढून तिला माहेरी धाडत होती. आपल्याकडे माणसं जीव घाबरा होतो म्हणतात, डोक्यात मुंग्या आल्या म्हणतात, काळीज कुरतडतंय म्हणतात, त्याचं भाषांतर करून सुपरव्हायझरपुढं ठेवलं की निम्मी केस रस्त्यातच सांडते. म्हणून मराठीतून सुपरव्हिजन देणारी माणसं आपल्या भागात तयार व्हायला हवीत, आणि उत्तम थेरपिस्ट म्हणजे आपोआप उत्तम सुपरव्हायझर असं नसतं, ते वेगळं शिकावं लागतं.

आता कुणी म्हणेल हे कायद्यात आहे का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते, १९९२ चा कायदा आहे, आणि त्यांच्या ट्रेनिंगमध्ये देखरेखीखाली काम करावंच लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पेशंटची माहिती गोपनीय ठेवायला सांगतो. २०२१ मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात मानसिक आरोग्यात काम करणारेही धरलेत. हे सगळं चांगलं आहे. पण ट्रेनिंग संपवून पाटी लावल्यावर पुढं काय, तर मला ११ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की बाई तुमचं सुपरव्हिजन कुणाकडे चालतं. ब्रिटनमध्ये बीएसीपी ही समुपदेशकांची मोठी संघटना आहे, तिच्या मान्यताप्राप्त सभासदांना जोवर प्रॅक्टिस चालू आहे तोवर महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावं लागतं, मग अनुभव ३० वर्षांचा असला तरी. आणि आपल्याकडे दुसरी बाजू बघा, चार रविवारांचा ऑनलाइन कोर्स करून, एकही क्लायंट न बघता सर्टिफिकेट घेऊन आलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती, गुणी आहे, मन लावून काम करणारी आहे, तिच्यासमोर पहिल्याच महिन्यात १५ वर्षांची मुलगी येऊन शेजारच्या माणसाबद्दल सांगून गेली. हिनं ते दहा दिवस पोटात ठेवलं कारण गुप्तता पाळायची एवढंच तिला शिकवलं होतं. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा आहे तो, त्यात कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. विचारायला कुणी माणूसच नव्हता तिला. यात तिला एकटीला दोष कसा द्यायचा.

कॉलेजमध्ये, शाळांमध्ये समुपदेशक नेमतात त्यांची अवस्था तर अजून वेगळी. मी एका कॉलेजात चार वर्षं होते. तिथं सुपरव्हिजनच्या नावाखाली दर शनिवारी रजिस्टर घेऊन केबिनमध्ये जायचं, किती मुलं आली, कोण आली, कुठल्या वर्गातली, नावं दाखवा. मी नावं द्यायला नकार दिला त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. हजेरी किती, तास किती भरले, हे बघायचा संस्थेला पूर्ण हक्क आहे, पण ते प्रशासन झालं. मुलगा काय म्हणाला आणि मी कुठं चुकले हे ज्याच्या हातात माझी ऑर्डर रिन्यू करणं आहे त्याच्यासमोर कोण मोकळेपणानं सांगेल? ही दोन्ही कामं एका माणसाकडे नसावीत, आणि संस्थांनी बाहेरच्या सुपरव्हिजनचे महिन्याला एक-दीड हजार रुपये समुपदेशकाच्या पगाराव्यतिरिक्त द्यावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा-वीस हजारांवर काम करणाऱ्या मुलांना स्वतःच्या खिशातून ते परवडत नाही हो.

छोट्या गावात ग्रुप करायचा म्हटलं तरी अडचण येते. आम्ही इथले समुपदेशक २०१९ च्या पुरानंतर पहिल्यांदा एकत्र बसलो होतो. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि आम्ही बरेच जण नदीकाठच्या गावांत, शाळांमधल्या छावण्यांत जाऊन बोलत होतो, ऐकत होतो. दिवसाला तीस-तीस माणसं. पाणी उतरलं, गाळ काढला, लोक घरी गेले, आणि ऑक्टोबरमध्ये माझं असं झालं की पत्र्यावर पाऊस वाजला की मी उठून गॅलरीत जाऊन रस्ता बघायची, माझ्या घरात तर पाणी आलंही नव्हतं. तेव्हा प्रॉक्टर बाईंचं ते तिसरं काम, सावरण्याचं, किती खरं आहे ते मला कळलं. पण त्या ग्रुपमध्ये दुसऱ्याच वेळी एक जण केस सांगायला लागली, नाव नाही गाव नाही, फक्त किराणा दुकान आणि दोन मुलींपैकी एक अपंग एवढं म्हणाली, आणि समोरचीनं ओळखलं. चेहऱ्यावरच दिसलं. ती त्या क्लायंटच्या नात्यातली निघाली. ग्रुप तिथंच थांबला, आणि थांबला ते बरोबरच झालं.

त्यावर विचार करून आता आम्ही वेगळं करतो. केसचे बारकावे गावाबाहेरच्या सुपरव्हायझरकडे, प्रत्येकीनं आपापला बघायचा. आणि इथं सांगलीत महिन्यातून एकदा बसतो ते बालिंट ग्रुपच्या धर्तीवर. मायकल आणि एनिड बालिंट या जोडप्यानं १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांसाठी हे सुरू केलं. कागद न बघता, आठवेल तसं बोलायचं, आणि बोलायचं ते आजारापेक्षा डॉक्टर आणि पेशंटच्या नात्याबद्दल. आमच्यात सांगणारी पाच-सात मिनिटं सांगते, मग खुर्ची जरा मागं सरकवून गप्प बसते आणि बाकीच्या बोलतात, की हे ऐकताना मला राग आला, मला कंटाळा आला, मला त्या माणसाच्या बायकोचं वाईट वाटलं. सल्ला द्यायचा नाही. क्लायंटचं वय, धंदा, तालुका काही सांगायचं नाही, आणि कुणाला ओळखीचं वाटलं तर तिनं कारण न सांगता उठून बाहेर जायचं, कुणी विचारायचं नाही. दोनदा असं झालंय. गावातल्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना, शाळेतल्या समुपदेशकांना, हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करना हे फार उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं, बालिंट यांनी तर ते डॉक्टरांसाठीच काढलं होतं.

वाचकांना एकच सांगते. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी समुपदेशकाकडे जात असाल तर पहिल्या-दुसऱ्या भेटीत सरळ विचारा, तुमचं सुपरव्हिजन कुणाकडे असतं, किती दिवसांनी असतं, त्यात माझं नाव सांगता का. हा उद्धटपणा नाही, सोनोग्राफीच्या आधी डॉक्टरांना प्रश्न विचारतो तसाच आहे. ज्याचं चालू आहे तो आनंदानं सांगेल. आणि संपादक साहेब, आपण पुढच्या वेळी ती यादी छापाल तेव्हा फी आणि वेळेच्या शेजारी ही एक ओळ वाढवा, रकाना रिकामा राहिला तर रिकामा छापा, चालेल.

आमचा ग्रुप दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ३ ला विश्रामबागला भरतो, फी काही नाही, येणाऱ्यानं चहाचे दहा रुपये डब्यात टाकायचे. या भागात थेरपीचं काम करणारं कुणीही येऊ शकतं, आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवली तर मी येऊन घेऊन जाईन. खोलीत आठ खुर्च्या बसतात, सध्या पाच भरतात.

आपली,
एक समुपदेशक
विश्रामबाग, सांगली